आवाजावर विंडोज चालवताना: आधी काय, मग काय आणि चुकतं कुठे

विंडोज ११ मधली ‘व्हॉइस ॲक्सेस’ ही सोय वापरून कीबोर्ड-माउसला हात न लावता प्रोग्राम उघडता येतात, विंडो हलवता येतात, बटणं दाबता येतात. तरीही बरेच जण पहिल्याच दिवशी ती बंद करून टाकतात. तक्रार साधारण एकच असते: ‘मिनिमाइज विंडो’ म्हटलं, तर विंडो खाली जायच्या ऐवजी ते शब्द पत्रात टाइप झाले. मग दोष आपल्या इंग्रजी उच्चारांवर ढकलला जातो. उच्चारांमुळे अडतं, पण फार थोड्या वेळा. बहुतेक वेळा पुढच्या तीनपैकी एक गोष्ट ठाऊक नसते: संगणक आत्ता ऐकतोय का, कोणती विंडो पुढे आहे आणि कोणता मोड चालू आहे. खालच्या पायऱ्यांचा क्रम याच हिशेबाने लावला आहे, त्यामुळे एखादी पायरी गाळू नका.

आपल्याला आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात, व्हॉइस ॲक्सेसला मराठी आज्ञा कळत नाहीत. मराठी मजकूर मात्र बोलून लिहिता येतो. त्याची वाट वेगळी आहे, ती सातव्या पायरीत येईल.

## १. संगणकाची तयारी

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ‘विनव्हर’ (winver) हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि एंटर दाबा. उघडलेल्या चौकटीत आवृत्ती २२एच२ किंवा तिच्या पुढची दिसली पाहिजे. विंडोज १० वर व्हॉइस ॲक्सेस नाही. तिथे जुनं ‘स्पीच रेकग्निशन’ आहे आणि त्याच्या आज्ञा व वागणूक दोन्ही वेगळ्या आहेत. हा लेख समोर ठेवून ते चालवायला गेलात तर गोंधळच होईल.

आता सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे मायक्रोफोन. माइक वापरण्याची मुख्य परवानगी आणि खालची डेस्कटॉप ॲप्सची परवानगी, दोन्ही चालू हव्यात.

पहिल्या वेळी इंटरनेट लागतं, कारण भाषेचं पॅक उतरवून घ्यावं लागतं. ते एकदा उतरलं की ओळखण्याचं सगळं काम तुमच्याच संगणकावर होतं. नेट गेलं तरी आज्ञा चालतात.

## २. माइक: अर्धं यश इथेच

लॅपटॉपचा अंगचा माइक चाचणीपुरता ठीक आहे, रोजच्या कामाला नाही. तो तोंडापासून हातभर लांब असतो आणि वरचा पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, स्वयंपाकघरातली कुकरची शिटी हे सगळं तुमच्या आवाजाच्या बरोबरीने उचलतो. साधा यूएसबी हेडसेट घ्या. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो बहुधा फोन कॉलच्या कमी दर्जावर उतरतो. गाणी छान ऐकवणारा हेडसेट आज्ञा ओळखताना अडखळतो, तो यामुळेच.

माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटांच्या अंतरावर ठेवा. ती अगदी ओठांसमोर आली तर ‘प’ आणि ‘फ’ च्या श्वासाचे फटके माइकवर बसतात आणि ‘प्रेस’ हा शब्द हमखास चुकतो. नेमका हाच शब्द दिवसभर लागतो.

सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेने जाऊन इनपुटखाली तुमचा हेडसेट निवडा. इनपुट व्हॉल्यूम सुरुवातीला ७५ ते ८० ठेवा. त्याच पानावर माइकची चाचणी आहे. नेहमीच्या आवाजात दोन-तीन वाक्यं बोला. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी जेमतेम हलत असेल तर व्हॉल्यूम वाढवा, सतत टोकाला टेकत असेल तर कमी करा.

तपासा: गप्प बसल्यावर पट्टी जवळपास स्थिर राहते का? राहत नसेल तर पंख्याचा वारा थेट माइकवर येतोय. पंखा बंद करायची गरज नाही, खुर्ची थोडी सरकवली किंवा माइकला स्पंजची टोपी घातली की भागतं.

सावधान: स्पीकर लावून काम करू नका. व्हिडिओतल्या माणसाने ‘क्लोज’ म्हटलं तर तेही माइकपर्यंत पोचतं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी तर हेडफोनशिवाय सुरुवातच करू नये, कारण रीडरचं बोलणं परत आज्ञा म्हणून आत जातं.

## ३. सुरू करणं आणि तीन अवस्था

सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, स्पीच. तिथे व्हॉइस ॲक्सेसचं बटण चालू करा. पडद्याच्या वरच्या कडेला एक आडवी पट्टी येईल. डावीकडे माइक, मध्ये तुम्ही बोललेलं, उजवीकडे सेटिंग्ज आणि मदत.

भाषा विचारली की ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. अमेरिकन इंग्रजीवर संगणक आपोआप गेला असेल तर पट्टीच्या सेटिंग्जमध्ये भाषांचा पर्याय आहे, तिथून भारतीय पॅक उतरवून घ्या. आपल्या उच्चारांसाठी एवढा एक बदल पुरतो. ओढूनताणून अमेरिकन लकबीत बोलायला जाऊ नका. तसा आवाज प्रत्येक वेळी वेगळा निघतो आणि ओळख आणखी बिघडते.

आता तीन अवस्था नीट समजून घ्या.

‘ऐकतोय’ या अवस्थेत प्रत्येक शब्द एकतर आज्ञा ठरतो, नाहीतर मजकूर.

‘झोपलाय’ या अवस्थेत माइक चालू असतो, पण उठवण्याची हाक सोडून बाकी कशालाही प्रतिसाद मिळत नाही. झोपवायला ‘व्हॉइस ॲक्सेस स्लीप’, उठवायला ‘व्हॉइस ॲक्सेस वेक अप’. कीबोर्डवरून ऑल्ट, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून ही अदलाबदल होते.

‘माइक बंद’ म्हणजे खरोखरच बंद. ‘टर्न ऑफ मायक्रोफोन’ म्हटलं की इथे पोचता.

सावधान: माइक बंद केल्यावर तो आवाजाने परत चालू होत नाही, त्याला हात लागतो. हात वापरणं ज्यांना शक्यच नाही त्यांनी ही आज्ञा कधीच देऊ नये, नेहमी झोपवावं. घरात असा कोणी असेल तर ही गोष्ट मदतनिसालाही सांगून ठेवा. त्याच स्पीच पानावर साइन इन केल्यानंतर, किंवा त्याआधीच, व्हॉइस ॲक्सेस आपोआप सुरू करण्याचे पर्याय आहेत, तेही चालू करून द्या.

फोन आला, कोणी खोलीत आलं, ऑनलाइन मीटिंग सुरू होतेय: आधी ‘व्हॉइस ॲक्सेस स्लीप’. नाहीतर शेजाऱ्याशी झालेलं बोलणं उघड्या ईमेलमध्ये उमटतं.

## ४. मोड: सगळ्यात जास्त चुका इथे

सुरुवातीला ‘डिफॉल्ट’ मोड असतो. आज्ञा वाटली तर ती पाळायची, नाही वाटली आणि कर्सर मजकुराच्या जागेत असेल तर टाइप करायचं, असा त्याचा नियम. ‘मिनिमाइज विंडो’ टाइप होतं ते याच नियमाने. तुम्ही ‘मिनिमाइज’ म्हणून क्षणभर थांबलात, किंवा आधी ‘प्लीज’ लावलंत, की ती बहुधा आज्ञा राहत नाही, मजकूर होतो.

म्हणून पहिले काही दिवस विंडो आणि प्रोग्राम हाताळताना ‘कमांड मोड’ म्हणा. यात जे आज्ञेत बसत नाही ते टाइप न होता सोडून दिलं जातं. सलग लिहायचं असेल तेव्हा ‘डिक्टेशन मोड’, आणि दोन्ही सरमिसळ लागू लागलं, जीभ सरावली, की ‘डिफॉल्ट मोड’.

आज्ञा बोलण्याची पद्धत अशी ठेवा:

आज्ञेआधी छोटी शांतता. मग पूर्ण आज्ञा एका दमात, नेहमीच्या वेगाने. मग पुन्हा शांतता आणि नजर वरच्या पट्टीवर. पट्टीत आज्ञा उमटली आणि काम झालं की मगच पुढची. अक्षरं तोडून, लहान मुलाला शिकवल्यासारखं ‘मि-नि-माइज’ म्हणू नका. ओळखणारी यंत्रणा नेहमीच्या बोलण्यावर घडवलेली असते, तुटक बोलणं तिला परकं वाटतं. आज्ञा चुकली तर आवाज चढवूनही उपयोग नाही. पट्टीत काय उमटलं ते वाचा. शब्द वेगळे उमटले असतील तर ऐकण्याचा दोष आहे. शब्द बरोबर असून काहीच घडलं नाही, तर अवस्था, मोड किंवा पुढची विंडो तपासा.

तपासा: कमांड मोडमध्ये ‘व्हॉट कॅन आय से’ म्हणा. आज्ञांची यादी उघडली म्हणजे इथवरची जोडणी बरोबर आहे.

## ५. प्रोग्राम आणि विंडो हाताळणं

सरावाला नोटपॅड आणि एज (विंडोजचा ब्राउझर) हे दोन प्रोग्राम पुरेत. महत्त्वाच्या फाइली आधी जतन करून बंद करा.

१. ‘ओपन नोटपॅड’. नंतर ‘ओपन एज’. प्रोग्रामचं नाव स्टार्ट मेनूत जसं दिसतं तसंच म्हणा. तुमच्या बोलण्यात त्याला काहीही म्हणत असाल, इथे ते चालत नाही.

२. ‘स्विच टू नोटपॅड’. उघडा प्रोग्राम पुढे आणण्याची आज्ञा ही. इथेही ‘ओपन’च म्हणत राहिलात तर काही प्रोग्रामांची नवी विंडो उघडते आणि थोड्या वेळाने एकाच प्रोग्रामच्या चार विंडो होऊन बसतात. उघडायचं असेल तर ओपन, आणायचं असेल तर स्विच.

३. ‘मॅक्सिमाइज विंडो’, ‘रिस्टोअर विंडो’, ‘मिनिमाइज विंडो’. या तिन्ही आज्ञा पुढे असलेल्या विंडोवर चालतात. पुढची विंडो कोणती याची खात्री नसेल तर नाव घ्या: ‘मिनिमाइज एज’.

४. ‘स्नॅप विंडो टू लेफ्ट’. विंडो डाव्या अर्ध्यात बसेल आणि उरलेल्या जागेत बाकीच्या विंडोंची छोटी चित्रं येतील. बरेच जण इथे अडकतात, कारण आता पुढे विंडो नसून ही चित्रं असतात. पुढची आज्ञा भलतीकडे जाते. एकतर ‘शो नंबर्स’ म्हणून हव्या त्या चित्राचा आकडा सांगा, नाहीतर ‘प्रेस एस्केप’ म्हणून चित्रं घालवा आणि मग ‘स्विच टू एज’, ‘स्नॅप विंडो टू राइट’.

५. सगळ्या उघड्या विंडो पाहायच्या तर ‘शो ऑल विंडोज’. डेस्कटॉपवर जायचं तर ‘गो टू डेस्कटॉप’.

६. ‘क्लोज विंडो’ शेवटी शिका. ब्राउझरमध्ये ही आज्ञा टॅब नाही, सगळ्या टॅबसकट आख्खी विंडो बंद करते. एकच टॅब बंद करायला ‘प्रेस कंट्रोल डब्ल्यू’. चुकून गेलेला टॅब परत आणायला ‘प्रेस कंट्रोल शिफ्ट टी’.

पान सरकवायला ‘स्क्रोल डाउन’. लांब लेख वाचायचा असेल तर ‘स्टार्ट स्क्रोलिंग डाउन’ आणि थांबवायला ‘स्टॉप स्क्रोलिंग’.

## ६. बटण दाबणं: नाव, आकडा, चौकट

बटणावर पोचायचे तीन मार्ग आहेत आणि ते याच क्रमाने वापरायचे. सरळ शेवटच्यावर उडी मारली की काम दुप्पट वेळ खातं.

नाव. बटणावर जे लिहिलंय ते म्हणा: ‘क्लिक फाइल’, ‘क्लिक सेव्ह’. त्या नावाच्या दोन-तीन गोष्टी पडद्यावर असतील तर प्रत्येकीवर आकडा येतो, हवा तो सांगा. डबल क्लिक आणि राइट क्लिकही असेच, शब्दापुढे नाव लावून.

ज्यांच्या विंडोजचे मेनू मराठीत आहेत त्यांची इथे फसगत होते. बटणाचं नाव संगणकाच्या लेखी मराठी आहे आणि तुम्ही म्हणताय ‘क्लिक सेव्ह’. ते जुळत नाही. एकतर विंडोजचे मेनू इंग्रजीत ठेवा, किंवा नाव सोडून थेट आकड्यांवर या. मराठी वेबसाइटींवरच्या दुव्यांनाही हेच लागू.

आकडा. ज्यावर नाव लिहिलेलं नाही, नुसतं चित्र आहे, तिथे ‘शो नंबर्स हिअर’ म्हणा. पुढच्या विंडोतल्या प्रत्येक दाबण्याजोग्या गोष्टीवर आकडा येईल. मग ‘क्लिक १७’. नुसतं ‘१७’ म्हणण्यापेक्षा ‘क्लिक’ लावायची सवय ठेवा, म्हणजे तो आकडा मजकुरात जायचा धोका राहत नाही. पूर्ण पडद्यासाठी ‘शो नंबर्स एव्हरीव्हेअर’, पण त्यात आकड्यांची इतकी गर्दी होते की एकावर एक चढतात. खालच्या पट्टीपुरते हवे असतील तर ‘शो नंबर्स ऑन टास्कबार’. घालवायला ‘हाइड नंबर्स’.

‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची अदलाबदल वारंवार होते. शेवटचा ‘न’ स्पष्ट म्हणा. तरीही घोळ होत असेल तर पान थोडं सरकवा. आकडे नव्याने वाटले जातात आणि हव्या त्या बटणाला बहुधा दुसरा आकडा मिळतो.

चौकट. काही प्रोग्राम आपल्या बटणांची माहिती विंडोजला देतच नाहीत. जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरं, बरेचसे खेळ, आणि दुसऱ्या संगणकाचा पडदा दाखवणारी रिमोट डेस्कटॉपची विंडो. शेवटच्या बाबतीत तर तुमच्या संगणकाला आतलं सगळं एका चित्रासारखंच असतं. तिथे आकडे उमटणार नाहीत. उमटत नाहीत म्हणून तीच आज्ञा पुन्हापुन्हा देण्यात अर्थ नाही.

‘शो ग्रिड एव्हरीव्हेअर’ म्हणा. पडद्याचे नऊ भाग होतील. हव्या भागाचा आकडा सांगितला की त्याचे पुन्हा नऊ. १९२० गुणिले १०८० चा पडदा असेल तर पहिला भाग ६४० गुणिले ३६० चा, दुसऱ्या वेळी सुमारे २१३ गुणिले १२०, तिसऱ्या वेळी ७१ गुणिले ४०. म्हणजे साधारण बटणावर तीन आकड्यांत पोचता येतं, चौथा क्वचित लागतो. भाग चुकला तर ‘अनडू दॅट’ म्हणून एक पाऊल मागे. जागा मिळाली की ‘क्लिक’.

एखादी गोष्ट ओढून न्यायची असेल तर चौकटीने तिच्यावर पोचून ‘मार्क’ म्हणा, मग चौकटीनेच जिथे टाकायची तिथे पोचून ‘ड्रॅग’. फाइल हलवण्यासाठी हा खटाटोप करू नका. फाइल निवडून ‘प्रेस कंट्रोल एक्स’, नव्या जागी ‘प्रेस कंट्रोल व्ही’. कीबोर्डवर चालणारं कुठलंही काम आवाजानेही कीबोर्डच्या वाटेनेच करावं. शॉर्टकट पाठ असलेल्यांचा वेग इथे चटकन वाढतो.

तपासा: एजमध्ये एखादी बातम्यांची वेबसाइट उघडा. एक दुवा नावाने, दुसरा आकड्याने, तिसरा चौकटीने उघडून पाहा. मागे यायला ‘प्रेस ऑल्ट लेफ्ट ॲरो’. तिन्ही जमलं की रोजचं काम आवाजावर सोपवायला हरकत नाही.

## ७. मजकूर, आणि मराठीत लिहायचं असेल तर

इंग्रजीसाठी: आज्ञेसारखे दिसणारे शब्द लिहायचे असतील तर आधी ‘टाइप’ लावा. ‘टाइप क्लोज विंडो’ म्हटलं तर विंडो बंद न होता ते शब्द उमटतात. चुकीचं खोडायला ‘स्क्रॅच दॅट’, दुरुस्त करायला ‘करेक्ट दॅट’ म्हणून आलेल्या पर्यायांतून आकडा. नावं आणि आडनावं मात्र ‘स्पेल दॅट’ म्हणून अक्षरं सांगूनच लिहावीत. ‘कुलकर्णी’ किंवा ‘देशपांडे’ बरोबर येईल या आशेवर पुन्हापुन्हा बोलण्यात वेळ जातो.

मराठीसाठी विंडोजची दुसरी सोय आहे, ‘व्हॉइस टायपिंग’. ती विंडोज आणि एच या बटणांनी उघडते, तिला इंटरनेट लागतं, आणि ती कीबोर्डची जी भाषा चालू असेल ती ऐकते. मराठी कीबोर्ड आधी भाषांच्या सेटिंग्जमध्ये जोडून ठेवा. दोन्ही सोयी एकाच वेळी ऐकू लागल्या तर मराठी वाक्याचं एकीकडे इंग्रजी कडबोळं होतं, म्हणून क्रम असा:

१. व्हॉइस ॲक्सेसने मजकुराच्या जागेत कर्सर आणा.
२. ऑल्ट, शिफ्ट, बी: व्हॉइस ॲक्सेस झोपवा.
३. विंडोज आणि स्पेसबार: मराठी कीबोर्ड.
४. विंडोज आणि एच: बोला.
५. संपलं की विंडोज आणि एच पुन्हा दाबून ते बंद करा.
६. कीबोर्ड परत इंग्रजीवर आणा आणि ऑल्ट, शिफ्ट, बी ने व्हॉइस ॲक्सेस उठवा.

पाचवी आणि सहावी पायरी उलटी झाली तर दोन्ही सोयी एकाच वेळी ऐकू लागतात आणि पुन्हा गोंधळ होतो. या अदलाबदलीला एक हात, निदान एक बोट लागतं, हे आधीच लक्षात घ्या. क्रोम ब्राउझर वापरणाऱ्यांना गूगल डॉक्सचं मराठी व्हॉइस टायपिंगही आहे. तिथेही व्हॉइस ॲक्सेस आधी झोपवायचं.

## ८. स्वतःच्या आज्ञा

रोज सकाळी तेच फोल्डर, तीच वेबसाइट, तोच प्रोग्राम उघडत असाल तर ‘क्रिएट व्हॉइस शॉर्टकट’ म्हणा. आज्ञेचं नाव द्या, काय करायचं ते निवडा (प्रोग्राम, फाइल, फोल्डर किंवा पत्ता उघडणं, कळा दाबणं, मजकूर टाकणं), एकामागे एक कामं जोडा आणि तयार करा.

नाव दोन-तीन इंग्रजी शब्दांचं ठेवा. एका शब्दाचं नाव बोलता बोलता चुकून येतं. ‘हजेरी’ किंवा ‘वर्तमानपत्र’ असं मराठी नाव दिलंत तर ओळखणारा ते इंग्रजी समजून भलतंच ऐकेल. ‘मॉर्निंग पेपर’ चालेल. ‘ओपन’, ‘क्लिक’, ‘स्विच’ यांनी सुरू होणारं नाव टाळा, आधीच्या आज्ञांशी त्याची टक्कर होते. आणि प्रोग्राम उघडण्याचं काम व त्यात कळा दाबण्याचं काम यांच्यामध्ये थांबण्याची पायरी घाला. जुन्या संगणकावर पाच सेकंदही लागतील. ती नसली तर प्रोग्राम उघडण्याआधीच कळा दाबल्या जातात, तेही मागे जी विंडो असेल तिच्यात.

## अडलं तर या क्रमाने पाहा

पट्टीत काहीच उमटत नाही: माइकची अवस्था पाहा, मग साउंडमध्ये इनपुट कोणतं आहे ते. हेडसेट काढून पुन्हा लावला की विंडोज कधीकधी लॅपटॉपच्या माइकवर जातं. व्हॉइस ॲक्सेसच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही माइक निवडलेला असतो, तोही बघा.

शब्द बरोबर, पण काम होत नाही: पुढे कोणती विंडो आहे? एखादी छोटी चौकट, अपडेटची सूचना, उघडा राहिलेला मेनू मध्ये असतो. ‘प्रेस एस्केप’ म्हणा आणि आज्ञा पुन्हा द्या.

आज्ञा टाइप होतात: ‘कमांड मोड’. आधीचा कचरा ‘अनडू दॅट’ ने काढा.

सकाळी नीट चालतं, संध्याकाळी चुकतं: घसा दमतो, आवाज खाली उतरतो, वाक्याचा शेवट गिळला जातो. सलग अर्ध्या तासाच्या वर बोलू नका, पाणी जवळ ठेवा. तेवढ्यानेही सुधारलं नाही तर इनपुट व्हॉल्यूम पाच-दहाने वाढवून चाचणी पुन्हा करा.